तट्टावरची स्वारी
— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

गेल्या स्नेहसंमेलनात राज्यगीत सुरू झाले तेव्हा सारे सभागृह उठून उभे राहिले. कवी राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि शाहीर साबळे यांच्या आवाजाने घराघरांत पोचलेले हे गीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून आपले राज्यगीत झाले. त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख येतो. तो आला की आपल्या माना नकळत ताठ होतात. पण त्याच दुपारी क्रिकेटच्या सामन्यात प्रतिस्पर्धी वर्गाने बाहेरचा गोलंदाज आणला, तेव्हा आमच्यातल्याच एकाने त्याला ‘भाड्याचे तट्टू’ म्हणून हिणवले. सकाळी ज्या शब्दासाठी आपण उभे राहिलो तोच शब्द दुपारी शिवी झाला! वाचकहो, या विसंगतीचा विचार आपण कधी केला आहे काय?

मला तो करावा लागला, कारण हा शब्द आमच्या घरातला आहे. माझे वडील वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगार आहेत. आईचे माहेर नेरळजवळचे, आणि माझा धाकटा मामा माथेरानला घोडेवाला आहे. दर मे महिन्यात नेरूळहून ठाणे, ठाण्याहून कर्जत गाडीने नेरळ, आणि तिथून वर डोंगरावर, असा माझा लहानपणापासूनचा प्रवास. मामाची मैना नावाची एक तांबूस घोडी आहे. तिच्या पाठीवर बसून मी मोठी झाले. शाळेत असताना या गोष्टीचा मैत्रिणींना हेवा वाटे. पण महाविद्यालयात आल्यावर सांगितले, तर एक जण हसून म्हणाली, “अगं, ते तट्टू लहान मुलांना फिरवायचे. तू अजून त्यावर बसतेस?” आईचे तर वेगळेच. ती म्हणते, “एवढी घोडी झालीस, आता घोड्यावर काय बसतेस!”

तट्टू हे खरोखरच लहान मुलांचे वाहन आहे काय? मोठ्या माणसाने त्यावर बसणे हास्यास्पद आहे काय? की ते त्या मुक्या जनावरावर अन्याय करणारे आहे? हे प्रश्न मी मनाशी घेतले. त्यांची जी उत्तरे मला वाचनातून आणि मामाच्या तबेल्यातून मिळाली, ती या लेखात मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

तट्टू म्हणजे काय?

पहिला गैरसमज दूर करू. तट्टू म्हणजे घोड्याचे पिल्लू नव्हे. पिल्लाला शिंगरू म्हणतात. तट्टू हा पूर्ण वाढ झालेला, परंतु कमी उंचीच्या जातीचा घोडा. घोड्याची उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत, कारण डोके वर-खाली होते. मान जिथे पाठीला मिळते तिथे खांद्यांवर एक उंचवटा असतो. जमिनीपासून तिथपर्यंत मोजतात. इंग्रजांनी यासाठी ‘हँड’ हे माप रूढ केले. ते आपल्या कोपरापासूनच्या हाताचे माप नव्हे. त्यांचा हँड म्हणजे तळहाताची रुंदी, म्हणजे चार इंच. चौदा हँड आणि दोन इंच, म्हणजे ५८ इंच किंवा सुमारे १४७ सेंटिमीटर, याच्या आतला तो तट्टू आणि त्यावरचा तो घोडा, अशी ढोबळ सीमारेषा जगभर मानली जाते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ती नालाविना १४८ सेंटिमीटर धरतात.

म्हणजे तट्टू आणि घोडा यांत रक्ताचा भेद नाही. फरक दोन-चार बोटांचा आहे. उलट काही गुण तट्टाकडे अधिक असतात. पाय आखूड पण हाड जाड, खूर टणक, छाती खोल. खाणे कमी, आणि जे मिळेल त्यावर भागवण्याची सवय. अरुंद पायवाट, दगड, चढ-उतार अशा ठिकाणी ते पाय जपून टाकते. मोठा घोडा मैदानाचा राजा खरा, पण डोंगरात तट्टूच माणसाला घरी आणते.

मग ते ‘मुलांचे’ कसे ठरले? एक कारण परदेशातले आहे. इंग्लंडमध्ये सुखवस्तू घरांत मुलांना आधी छोट्या तट्टावर बसवून स्वारी शिकवण्याची पद्धत पडली. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या तट्टांसाठी राखून ठेवलेल्या स्पर्धाही १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींसाठीच असतात. दुसरे कारण आपल्याकडचे. शहरातल्या माणसाला तट्टू दिसते ते चौपाटीवर किंवा जत्रेत, पाठीवर एखादे मूल आणि समोर फोटो काढणारे आईवडील, अशा थाटात. आणि वरातीसाठी मात्र उंच, पांढरा घोडा हवा! जे आपण पाहतो त्यावरून आपली समजूत बनते. इतिहासात डोकावले तर चित्र अगदी निराळे दिसते.

ज्यांनी स्वराज्य पाठीवर वाहिले

थड म्हणजे नदीचा काठ. भीमा आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यांत वाढलेली घोड्यांची जात ती भीमथडी. दख्खनी घोडा असेही तिला म्हणतात. अरबस्तानातून दख्खनच्या बंदरांत घोडे येत. त्यांचे आणि इथल्या काटक तट्टांचे रक्त मिसळून ही जात घडली. उंची साधारण १३० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे आजच्या मापाने तट्टूच.

मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन येई तो शिलेदार. शिवाजी महाराजांच्या पागेच्या व्यवस्थेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि पंचवीस घोड्यांमागे पाण्यासाठी एक पखालजी व नालांसाठी एक नालबंद नेमलेला असे. विचार करा, सतराव्या शतकात पंचवीस घोड्यांचे पाणी आणि पाय यांची काळजी घ्यायला स्वतंत्र माणसे होती! १६७३ साली चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. आता हवे तसे दाणा-वैरण उधळाल तर पावसाळ्यात घोडे उपाशी मरतील, आणि मग तुम्ही रयतेला लुटू लागाल, हा त्याचा आशय. निष्काळजीपणाने वैरणीला आग लागू नये म्हणून उंदीर जळती वात ओढून नेईल इथपर्यंतची सूचना त्यात आहे. राज्यकर्त्याने तट्टाच्या पोटाचा इतका बारीक विचार केला, कारण राज्य त्याच पाठीवर उभे होते.

या तट्टांवर बसणारे कोण होते? मुले नव्हेत. ढाल, तलवार, भाला घेतलेले बाप्ये होते. पहिल्या बाजीरावाने १७२८ साली पालखेडला निजामाला कोंडीत पकडले, ते मुख्यतः वेगाच्या जोरावर. सोबत जड तोफखाना नाही, तंबूंचा पसारा नाही, हलके स्वार आणि काटक घोडे. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या. बंगालवर स्वाऱ्या झाल्या तेव्हा ‘बारगीर’ या शब्दाचा तिथे ‘बर्गी’ झाला आणि त्याची दहशत बंगाली अंगाईगीतांत जाऊन बसली. बंगालच्या आया ज्यांच्या नावाने मुलांना झोपवीत, ते स्वार लहानखुऱ्या घोड्यांवरून आले होते, हे आपण विसरतो.

१८१८ नंतर पेशवाई गेली, पागा मोडल्या आणि तट्टांचे कामच संपले. इंग्रजी फौजेला उंच घोडे हवे होते. भीमथडी जात हळूहळू नजरेआड झाली. ती पूर्णपणे नाहीशी झाली नाही याचे श्रेय मुख्यतः धनगर समाजाला द्यावे लागेल. मेंढरे घेऊन रानोमाळ फिरताना बिऱ्हाड, भांडी, कोकरे आणि कोंबड्या ज्या घोड्याच्या पाठीवर असतात, तो बहुधा याच वंशाचा असतो. रस्त्याने जाताना आपण तो कितीदा पाहिला असेल, पण ओळखला नाही. अखेर २०२४ च्या सुरुवातीला कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीला घोड्याची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदवल्याचे जाहीर झाले. गीतातला घोडा सरकारी दप्तरात यायला इतका काळ लागला. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच!

मैदानातली तट्टे

इतिहास झाला, पण आज मोठी माणसे तट्टावर बसून स्पर्धा करतात काय? करतात, आणि जिंकतातही.

सर्वांत जवळचे उदाहरण आपल्याच देशातले, मणिपूरचे. तिथल्या ‘सागोल काङजै’ या खेळात प्रत्येक बाजूला सात स्वार असतात आणि ते लहानखुऱ्या मणिपुरी तट्टांवर बसून चेंडू टोलवतात. चहामळ्यांच्या निमित्ताने तिकडे गेलेल्या इंग्रजांनी हा खेळ पाहिला, १८५९ साली सिल्चरला त्याचा क्लब काढला, आणि तिथून पोलो जगभर गेला. गंमत अशी की पुढे पोलोत उंच घोडे आले, पहिल्या महायुद्धानंतर उंचीची मर्यादाही उठली, तरी पोलोच्या घोड्याला आजही ‘पोनी’ म्हणजे तट्टूच म्हणतात. श्रीमंतांच्या खेळात तो शब्द मानाचा आणि गरिबाच्या दारात तोच शब्द टिंगलीचा, हा न्याय काही औरच!

दुसरे उदाहरण १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकचे. घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेत इंग्लंडची मॅरियन कोक्स ही एकवीस वर्षांची तरुणी ‘स्ट्रोलर’ नावाच्या तट्टावर उतरली. आजूबाजूला त्याच्याहून कितीतरी उंच घोडे. स्ट्रोलरला त्याच्या स्वतःच्या खांद्याहून उंच अडथळ्यांवरून उड्या घ्यायच्या होत्या. त्या जोडीने रौप्यपदक मिळवले. या क्रीडाप्रकारात वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली स्त्री. तिसरे उदाहरण २००७ चे. अमेरिकेची कॅरेन ओकॉनर वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ‘थिओडोर ओकॉनर’ नावाच्या १४ हँड १ इंच उंचीच्या तट्टावर बसून रिओ दि जानेरो येथील पॅन अमेरिकन स्पर्धांत उतरली. तिचा प्रकार होता शिस्तबद्ध चाली, रानातली दौड आणि अडथळ्यांवरच्या उड्या या तिन्ही परीक्षा असलेला. तिने वैयक्तिक सुवर्णपदक पटकावले. एकोणपन्नास म्हणजे आपल्याकडे नातवंडे खेळवण्याचे वय!

आइसलँडची गोष्टही सांगण्याजोगी आहे. तिथला घोडा तेरा-चौदा हँडचा. पण त्याला तट्टू म्हटलेले तिथल्या लोकांना खपत नाही. आबालवृद्ध त्यावर बसतात, स्पर्धाही खेळतात. जातीची शुद्धता राखण्यासाठी तिथे बाहेरून घोडा आणण्यास शतकानुशतके बंदी आहे, आणि देशाबाहेर गेलेला घोडा परत येऊ शकत नाही. आपल्या लहान घोड्याचा एवढा अभिमान!

आपल्या महाराष्ट्रातही हे दृश्य आहे, पण तिकडे आपण या दृष्टीने पाहत नाही. पुणे जिल्ह्यातील खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांत बैलगाडा शर्यती होतात. तिथे बैलांच्या पुढे एक घोडी धावते. घाटात बारी सुटली की घोडीस्वार बैलांच्या पुढे भरधाव निघतो, तिला पाहून बैल वेग घेतात, आणि काही सेकंदांत सारा खेळ आटोपतो. मागे उधळलेले बैल आणि पुढे चढण, अशा वेळी अंगापिंडाने लहान, चपळ, वळणारी घोडीच कामाला येते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी आणली. पुढे २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. या साऱ्या वादात बैलाविषयी पुष्कळ बोलले गेले. पुढे धावणाऱ्या घोडीविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही.

ओझ्याचा हिशेब

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे कोणीही उठावे आणि तट्टावर बसावे? तसे नाही. खरा प्रश्न स्वाराच्या वयाचा नाही, वजनाचा आहे. दहा वर्षांचा लठ्ठ मुलगा तट्टाला जड होऊ शकतो आणि पन्नास वर्षांची सडपातळ बाई हलकी.

याविषयी एक सर्वसाधारण नियम सांगतात. स्वार आणि खोगीर मिळून जे वजन होते ते घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या एक पंचमांशाहून, म्हणजे शेकडा वीसहून, अधिक असू नये. अमेरिकेत ओहायो राज्यातील विद्यापीठात २००८ मध्ये झालेल्या एका प्रयोगात घोड्यांना शेकडा १५, २०, २५ आणि ३० वजन देऊन चालवले. पंचवीस-तीसच्या घरात गेल्यावर हृदयाचे ठोके वाढले, स्नायू दुखावल्याची लक्षणे दिसली. आपल्याकडे १९६५ साली ओझ्याच्या जनावरांसाठी झालेल्या नियमांत तट्टाच्या पाठीवर जास्तीत जास्त ७० किलो आणि गाढवाच्या पाठीवर ५० किलो असे आकडे दिले आहेत. ते मालाच्या ओझ्यासाठी आहेत, पण पाठ तीच.

घोड्याला वजनकाट्यावर उभे करणे सर्वांना शक्य नसते. त्यासाठी शिंप्याची फीत पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा. त्याचा वर्ग करावा. त्याला खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. उत्तर किलोत येते, अंदाजे पण उपयोगी. मागच्या मे महिन्यात मी मैनाला अशी मोजली. घेर १५०, लांबी १३२. भागाकार बरोबर २५० किलो. त्याचा पाचवा हिस्सा ५० किलो.

आणि मग मी माझा हिशेब केला. माझे वजन ४६ किलो, खोगीर ६ किलो. बेरीज ५२. वही हातात धरून मी गप्प बसले. इतकी वर्षे मला वाटत होते की जड असतात ते प्रवासी. आपण घरच्याच, आपले ओझे कसले?

मामाला दाखवले तर तो हसला. म्हणाला, “बाय, हे तुझ्या वहीत आता आलं. मी तुला दोन वर्षांपासून चढावर उतरायला का सांगतो?” खरेच! दस्तुरीकडून वर येताना चढ लागला की मामा मला खाली उतरवी. मला वाटे, पाय मोकळे करायला सांगतो. तो मैनाची पाठ मोकळी करीत होता.

घरी आल्यावर हा हिशेब मी वडिलांनाही सांगितला. त्यांचे आयुष्य पोती वाहण्यात गेले आहे. ते म्हणाले, “किती किलो ते खरंच, पण पोतं पाठीवर कुठं बसलं तेही बघायचं. नीट बसलेलं पन्नास किलो चालतं, हलणारं तीस किलो मारतं.” अश्वारोहणाची पुस्तके जे पानेच्या पाने सांगतात ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. सैल बसलेला, मागे रेललेला, लगामाला लोंबकळणारा स्वार वजनाहून जड असतो. तोल सांभाळणारा, रिकिबीत पाय ठेवून घोड्याच्या चालीबरोबर हलणारा स्वार वजनाहून हलका वाटतो. म्हणूनच स्वारी शिकणे ही हौस नव्हे, जनावराशी सभ्यतेने वागण्याची ती पहिली पायरी आहे. नियमातला वीसचा आकडाही दगडावरची रेघ नव्हे. चढ किती, ऊन किती, घोडा तरणा की म्हातारा, किती वेळ चालायचे, या साऱ्यांवर तो खाली-वर होतो.

माथेरानचे वास्तव

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरान इंग्रजी दुनियेच्या नजरेस आणले. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांनी उभारलेली छोटी रेल्वे सुरू झाली. मोटारींना मात्र गावात मज्जाव. २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून पुढे वर्षानुवर्षे पाय, गाडी, हातरिक्षा किंवा घोडा हीच साधने होती. परवाना असलेले सुमारे ४६० घोडे तिथे आहेत, आणि प्रत्येकामागे एक घर आहे.

पहाटे खरारा करायचा, खूर साफ करायचे, नाल पाहायचे, भिजवलेले हरभरे आणि कोंडा द्यायचा. खोगिराखालची घडी सुरकुतली तर पाठीला फोड येतो म्हणून ती दोनदा झटकायची. मग तंग आवळायचा. हे सर्व झाल्यावर दिवस सुरू होतो. मामा प्रवाशाला नुसता पाहून वजन सांगतो आणि मोठ्या माणसाला मैना देत नाही, शेजाऱ्याचा उंच घोडा सुचवतो. यात त्याचा धंदा जातो. एकदा एका धिप्पाड गृहस्थांनी “पैसे देतो आहे ना?” म्हणून बराच वाद घातला. मामाने हात जोडले, पण घोडी दिली नाही. ते गृहस्थ तणतणत पुढे गेले आणि थोड्या अंतरावर दुसऱ्या कोणाच्या तरी तशाच लहान तट्टावर बसून आमच्यासमोरून गेले. त्या तट्टाच्या मागच्या पायांची थरथर मला अजून दिसते. त्या दिवशी मामाची भाकर कमी झाली आणि त्या तट्टाची पाठही वाचली नाही. एकट्याच्या सचोटीने असे प्रश्न सुटत नाहीत, हे मला तेव्हा कळले.

याच मामाला ऑलिंपिया मैदानावर पाहावे! माथेरानच्या या मैदानावर घोड्यांच्या शर्यती होत आल्या आहेत. प्रवाशांचा लगाम धरून दिवसभर चालणारी माणसे तिथे स्वतः पाठीवर बसतात. जो घोडा दुडक्या चालीच्या पलीकडे जात नाही असे वाटे, तो चौखूर उधळतो. लाल धूळ उडते. मामाचे वय चाळिशीच्या पुढचे, अंगाने काटकुळा. त्या काही क्षणांपुरता तो नोकर नसतो, स्वार असतो. मला वाटते, शिलेदार म्हणजे काय ते पुस्तकात वाचण्याआधी मी तिथे पाहिले.

आता हे जग बदलत आहे. न्यायालयाच्या आदेशाने २०२२ च्या डिसेंबरात माथेरानमध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढू नये, हे कोणीही मान्य करील. वृद्धांना आणि शाळकरी मुलांना ई-रिक्षेने सुख झाले, हेही खरे. पण मग घोड्याचे काय, हा प्रश्न घोडेवाल्यांच्या घरी रोज निघतो. सामान आणि माणसे वाहणे एवढेच त्याचे काम मानले, तर आज ना उद्या यंत्र त्याची जागा घेणारच.

पण घोड्याचे काम तेवढेच आहे काय? मणिपूरमध्ये खेळामुळे तट्टाला मान आहे. आइसलँडमध्ये मोठी माणसे हौसेने बसतात म्हणून तिथला छोटा घोडा टिकला. आपल्याकडेही तरुण-तरुणींनी स्वारी शिकावी, लहान घोड्यांच्या उंचीनुसार आणि स्वाराच्या वजनाचा नियम पाळून स्पर्धा व्हाव्यात, नाक्यावर एक वजनकाटा असावा, घोडेवाल्याला ‘शिक्षक’ म्हणून मोबदला मिळावा, असे झाले तर? राष्ट्रीय छात्रसेनेच्या अश्व व पशुवैद्यक पथकांत विद्यार्थ्यांना स्वारी शिकवतात. मग नवी मुंबईच्या मुलांना दीड-दोन तासांवरच्या डोंगरात ती का शिकता येऊ नये? ओझे वाहणारे तट्टू आणि स्वार घडवणारे तट्टू यांत मोठा फरक आहे. पहिल्याला यंत्र हटवू शकते, दुसऱ्याला नाही.

हे स्वप्नरंजन आहे असे कोणी म्हणेल. असेलही. घोडामैदान जवळच आहे, पाहू या.

असो. माझ्यापुरता मी एक निर्णय घेतला आहे. मैनावर मी आता सपाटीवरच बसते, तेही थोडा वेळ. चढ आला की उतरते आणि तिच्या शेजारून चालते. आईला वाटते, पोरीला अखेर अक्कल आली. मैत्रिणीला वाटते, मी तट्टावर बसणे सोडले. दोघींचाही समज मी अजून दूर केलेला नाही, हा लेख वाचून तो होईल.

मित्रहो, सुटीत माथेरानला जाल तेव्हा घोड्यावर जरूर बसा. मोठे झालो म्हणून लाजू नका. पण बसण्यापूर्वी आपले वजन खरे सांगा, घोडेवाला “नको” म्हणाला तर त्याचे ऐका, आणि चढ आला की खाली उतरा.